फिशरने टाकून दिलेली व्यस्त संभाव्यता परत कशी आली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एमएस्सी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात. व्यस्त संभाव्यतेचा सिद्धांत चुकीवर उभा आहे, तो पूर्णपणे टाकून दिला पाहिजे, असं रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या पुस्तकात लिहिल्याचं तुमच्या वाचनात आलं. आणि आता नोकरीच्या जाहिराती बघाल तर तिथे 'बेझियन मॉडेलिंग येणं आवश्यक', म्हणजे तीच व्यस्त संभाव्यता. मधल्या शंभर वर्षांत गणित बदललं का, फिशर चुकला का, तुम्ही फिशरच्या गटात जायचं की बेझच्या, आणि नेमकं काय शिकायचं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक ओळ जोडलीय: "पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं म्हणायचं नाही, असं सर सांगतात. पण का म्हणायचं नाही?"

(शून्य परिकल्पना म्हणजे 'काही फरक नाही' हे गृहीतक; पी-व्हॅल्यू म्हणजे ते खरं मानलं तर अशी किंवा याहून टोकाची आकडेवारी मिळण्याची शक्यता.) माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. ती सुटली की फिशर, बेझ, जाहिराती, सगळं आपोआप सुटतं. मी सव्वीस वर्षं वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीचं काम करते. हा प्रश्न मला डॉक्टर विचारतात, पीएचडीचे विद्यार्थी विचारतात, एथिक्स कमिटीचे सदस्यही विचारतात. दर वेळी मी इतिहासापासून सुरुवात करते, कारण ही गाठ मारली कशी गेली हे कळल्याशिवाय ती सोडवता येत नाही.

संभाव्यतेचं शास्त्र जन्मलं ते सरळ दिशेने. फासा माहीत आहे, पिशवीत किती लाल आणि किती पांढऱ्या गोट्या आहेत ते माहीत आहे. आता काय बाहेर पडेल ते सांगा. याकोब बर्नुलीचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापलं गेलं. त्यात पांढरे आणि काळे खडे ३ ला २ या प्रमाणात असलेल्या भांड्याचं उदाहरण आहे. हे प्रमाण निरीक्षणांमधून जवळजवळ खात्रीने दिसायला किती वेळा खडा काढावा लागेल? त्याचं उत्तर आलं २५,५५०. पण आयुष्यात आपल्यापुढे येतो तो उलटा प्रश्न. खडे हातात आहेत, भांडं झाकलेलं आहे. रुग्णाची लक्षणं दिसतात, आजार दिसत नाही. परिणामाकडून कारणाकडे जायचं, ही व्यस्त संभाव्यता. १८३० च्या दशकात ऑगस्टस डी मॉर्गनच्या लेखनात हे नाव या अर्थाने येतं. (हा डी मॉर्गन मदुराईत जन्मला होता.) बेझला स्वतःला हे नाव माहीतच नव्हतं.

थॉमस बेझ हा इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स गावचा धर्मोपदेशक. तो १७६१ मध्ये वारला. त्याच्या कागदपत्रांत सापडलेला निबंध रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्राने रॉयल सोसायटीकडे पाठवला आणि २३ डिसेंबर १७६३ रोजी तो तिथे वाचला गेला. प्रश्न असा: एखादी घटना इतक्या वेळा घडली आणि इतक्या वेळा घडली नाही, एवढंच माहीत आहे. तर एका प्रयत्नात ती घडण्याची संभाव्यता अमुक आणि तमुक या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता किती? बेझने यासाठी एक सपाट टेबल कल्पिलं. त्यावर एक चेंडू टाकायचा. तो कुठेही थांबण्याची शक्यता सारखीच. तो थांबला तिथून टेबलाच्या बाजूला समांतर रेघ मारायची. मग दुसरा चेंडू पुन्हा पुन्हा टाकायचा आणि तो रेघेच्या कुठल्या बाजूला पडला एवढंच सांगायचं. रेघ कुठे आहे ते ओळखा.

वर्गात मी हे हाऊजीच्या आकड्यांवर करून घेते. पिशवीत १ ते ९० आकडे. एक मुलगी एक आकडा काढते, मनात ठेवते आणि परत पिशवीत टाकते. मग ती दहा वेळा आकडा काढते, प्रत्येक वेळी परत टाकते, आणि आपल्या मनातल्या आकड्यापेक्षा तो लहान की मोठा एवढंच ओरडते. तोच आकडा आला तर ती खेप धरायची नाही. समजा सात वेळा "लहान" आणि तीन वेळा "मोठा" आलं. मनातला आकडा कोणता? वर्गातून हमखास उत्तर येतं ६३, कारण ९० चे सात दशांश. ते चूक नाही. सर्वांत जास्त शक्यतेचा आकडा तिथेच कुठेतरी येतो. पण सगळ्या शक्य आकड्यांना त्यांच्या त्यांच्या वजनाने धरून सरासरी काढली तर ती ६० च्या आसपास येते. सातात एक मिळवा, दहात दोन मिळवा. आठ भागिले बारा म्हणजे दोन तृतीयांश. तुम्ही बीटा वितरण (शून्य ते एकमधल्या अज्ञात संभाव्यतेसाठी वापरतात ते) शिकला आहात, स्वतः करून बघा.

मुलांना मी इथेच थांबवते आणि विचारते: या हिशोबावर कुणाचा आक्षेप आहे का? कुणाचाच नसतो. असूही शकत नाही. मनातला आकडा पिशवीतून निघाला होता, प्रत्येक आकड्याला सारखीच संधी होती, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणजे आधीची शक्यता, ज्याला आपण प्रायर म्हणतो, ती समोर ठेवलेली पिशवीच आहे. पुरावा पाहिल्यावर ही आधीची शक्यता कशी बदलते हे सांगणारं बेझचं प्रमेय म्हणजे सशर्त संभाव्यतेच्या व्याख्येतून दोन ओळींत निघणारा निष्कर्ष. त्यावर १७६३ पासून आजपर्यंत भांडण झालेलं नाही. भांडण झालं ते पिशवी नसताना काय करायचं यावर.

पिशवी नसताना काय करायचं याचं उत्तर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने धडाक्याने दिलं. १७७४ मध्ये, पंचविशीच्या आसपास, बेझचं काम माहीत नसताना त्याने तेच तत्त्व मांडलं: माहिती नसेल तर सगळी कारणं सारख्याच शक्यतेची धरा. मग त्याने ते खऱ्या आकड्यांवर चालवलं. १७४५ ते १७७० या काळात पॅरिसमध्ये २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली जन्मल्या होत्या. मुलगा जन्मण्याची संभाव्यता अर्धी किंवा अर्ध्याहून कमी असण्याची शक्यता त्याने काढली, ती इतकी सूक्ष्म की दशांशचिन्हानंतर एक्केचाळीस शून्यं.

हेच उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण याच विषयावर सरळ दिशेचा युक्तिवादही आहे, आणि तो आधीचा. १७१० मध्ये जॉन आर्बथनॉट या डॉक्टरने लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी घेतल्या. ८२ पैकी ८२ वर्षं मुलगे जास्त. तो म्हणाला, मुलगा-मुलगी नाणेफेकीसारखे सारखे असतील तर असं घडण्याची शक्यता अर्ध्याचा ८२ वा घात. म्हणजे ते सारखे नाहीत. आता दोघांची वाक्यं शेजारी ठेवून बघा. आर्बथनॉट म्हणतो, "परिकल्पना खरी मानली तर ही आकडेवारी जवळपास अशक्य." लाप्लास म्हणतो, "ही आकडेवारी पाहिल्यावर परिकल्पना जवळपास अशक्य." दोघांचा निष्कर्ष एकच, पण वाक्यं दोन वेगळी आहेत. तुमचे सर पी-व्हॅल्यूबद्दल जे सांगतात ते हेच. पी-व्हॅल्यू हे आर्बथनॉटचं वाक्य आहे. "परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के" हे लाप्लासचं वाक्य आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला प्रायर लागतो, आणि पी-व्हॅल्यूच्या हिशोबात प्रायर नसतोच.

लाप्लासवर टीका झाली ती सूर्योदयाच्या हिशोबामुळे जास्त. ५,००० वर्षं म्हणजे १८,२६,२१३ दिवस सूर्य रोज उगवला, तर उद्या उगवण्यावर १८,२६,२१४ ला १ अशी पैज लावता येईल, असं त्याने लिहिलं. लोक एवढंच सांगतात आणि त्याला नावं ठेवतात. पण त्याने लगेच पुढे लिहिलंय की दिवस आणि ऋतू कोणत्या नियमाने चालतात हे ज्याला कळतं त्याच्यासाठी हा आकडा कितीतरी मोठा असेल. आयुष्यभर ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या माणसाला सूर्याबद्दल दुसरी काही माहिती नव्हती, असं समजणं मला अन्यायाचं वाटतं.

खरा घाव वेगळ्या जागी बसला. जॉर्ज बूल आणि जॉन व्हेन या इंग्लिश तर्कशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १८५४ आणि १८६६ मध्ये या "काहीच माहीत नाही म्हणून सगळं सारखं" या पायावर बोट ठेवलं, आणि फिशरने १९२२ मध्ये तो पाया गणिताने उखडून दाखवला. त्याचा मुद्दा शेतावर सांगते. एक चौरस तुकडा आहे, त्याची बाजू शून्य ते १०० मीटरमध्ये कितीही असू शकते, बाकी काही ठाऊक नाही. मग बाजू ५० मीटरच्या आत असण्याची शक्यता अर्धी. आता दुसरा माणूस म्हणतो, मला क्षेत्रफळ हवंय. ते शून्य ते १०,००० चौरस मीटरमध्ये कितीही असू शकतं, मलाही बाकी काही ठाऊक नाही. मग २,५०० चौरस मीटरच्या आत असण्याची शक्यता पाव. पण बाजू ५० च्या आत असणं आणि क्षेत्रफळ २,५०० च्या आत असणं ही एकच गोष्ट! शेत तेच, अज्ञान तेच, फक्त फितीने मोजलं की गुंठ्यांत विचारलं यावर उत्तर बदललं. फिशरला हे सहन होणं शक्य नव्हतं, आणि माझ्या मते तो इथे शंभर टक्के बरोबर होता. अज्ञानातून आकडा काढून तो वस्तुनिष्ठ आहे म्हणणं चूकच आहे.

बेझबद्दल मात्र फिशर आदराने लिहितो. बेझला स्वतःलाच शंका होती म्हणून त्याने निबंध छापला नसावा, असं त्याचं मत होतं. बेझने आपल्या टिपणीत काय म्हटलंय तेही बारकाईने वाचण्यासारखं आहे. "संभाव्यता कितीही असू शकते म्हणून सगळ्या सारख्या", असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ज्या घटनेबद्दल काहीच माहीत नाही ती अमुक इतक्या प्रयत्नांत शून्य वेळा घडेल, एकदा घडेल, दोनदा घडेल, यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा जास्त संभवते असं मानायला कारण नाही. म्हणजे तो मोजता येणाऱ्या संख्येबद्दल बोलतो, न दिसणाऱ्या संभाव्यतेबद्दल नाही. शेताचा आक्षेप या मांडणीला तितक्या सहज लागू होत नाही. दीडशे वर्षं हा फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटला.

आणि फिशरने बेझचं प्रमेय वापरलं का? वापरलं. त्याच्या १९५६ च्या पुस्तकात काळ्या उंदराचं उदाहरण आहे, ते तुम्ही वहीत सोडवाच. काळा रंग प्रभावी, तपकिरी अप्रभावी. दोन्ही पालक संकरित, पिल्लू काळं. मेंडेलच्या नियमाने ते शुद्ध काळं असण्याची शक्यता एक तृतीयांश, संकरित असण्याची दोन तृतीयांश. त्याची तपकिरी जोडीदाराशी जोडी लावली आणि सातही पिल्लं काळी निघाली. उंदीर संकरित असता तर असं होण्याची शक्यता अर्ध्याचा सातवा घात, म्हणजे १२८ मध्ये एक. शुद्ध असता तर हे होणारच होतं. गुणाकार करा: शुद्ध असण्याची शक्यता आली ६५ मध्ये ६४. हाच तो व्यस्त दिशेचा हिशोब. फिशरला इथे काहीच अडचण नव्हती, कारण एक तृतीयांश हा प्रायर मेंडेलने दिलेला होता, अज्ञानातून काढलेला नव्हता. १९२५ च्या पुस्तकातलं ते कडक वाक्य वाचताना हा उंदीर डोळ्यांसमोर ठेवा.

आता आपल्याकडच्या दोन माणसांबद्दल, कारण या भांडणाच्या दोन्ही टोकांना मराठी विद्यार्थी बसले होते आणि हे आपल्या वर्गांत फारसं कुणी सांगत नाही.

१९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन निवृत्त झाला आणि त्याच्या विभागाचे दोन तुकडे झाले. एक फिशरकडे, दुसरा कार्लचा मुलगा एगॉन पिअरसनकडे. पुढच्या वर्षी तिथे एगॉनचा सहकारी, पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन आला. इमारत एक, मजले वेगळे, दोन्ही गटांच्या चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तिथे शिकत होते. दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची, पण दोन्हींचं विचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) वेगळं आणि अज्ञात आहे, या प्रश्नावर फिशरने जी कसोटी सुचवली होती तिची कोष्टकं सुखात्मे यांनी काढली. त्यांचा लेख १९३८ चा आहे, आणि फिशर-येट्सच्या प्रसिद्ध कोष्टकांत ती समाविष्ट झाली. ही कसोटी उभी होती फिशरच्या 'फिड्युशिअल' युक्तिवादावर, म्हणजे प्रायर न घेता उलट्या दिशेने जाण्याच्या त्याच्या प्रयत्नावर. नेमनच्या गटाला ती मान्य नव्हती. आणि केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीजने व्यस्त संभाव्यतेने तोच प्रश्न सोडवला तेव्हा आकडे तेच आले.

जेफ्रीज मुळात भूकंपशास्त्रज्ञ. पृथ्वीचा गाभा द्रव आहे हे त्याने १९२६ मध्ये भूकंपलहरींवरून मांडलं होतं. ज्याला शेतात एकाच प्लॉटमध्ये पुन्हा पुन्हा पेरता येतं त्याला वारंवारितेची, म्हणजे शंभरपैकी किती वेळा घडतं याची, भाषा सोयीची. पण पृथ्वी एकच आहे, तिची शंभर नमुन्यांशी तुलना कशी करणार? जेफ्रीजला "हे विधान किती खरं मानावं" हाच प्रश्न पडत होता. १९३९ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि १९४६ मध्ये त्याने शेताच्या आक्षेपाला उत्तर दिलं: प्रायर निवडण्याचा असा नियम, की बाजूत मोजा किंवा क्षेत्रफळात, निष्कर्ष एकच येईल. हा नियम कशावर उभा आहे? फिशरच्या 'इन्फर्मेशन'च्या, म्हणजे आकडेवारी अज्ञात संख्येबद्दल किती सांगते याच्या मापाच्या, वर्गमुळावर. विरोधकानेच घडवलेलं हत्यार त्याला उपयोगी पडलं.

या जेफ्रीजचे विद्यार्थी होते कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. तुमच्या अभ्यासक्रमात क्रॅमर-हुजूरबाजार प्रमेय असेल, नमुना मोठा होत गेला की लाइकलिहूड (अज्ञात संख्येच्या कोणत्या किमतीला मिळालेली आकडेवारी किती संभवते याचं माप) समीकरणाचं सुसंगत उत्तर एकच उरतं, ते. म्हणजे बेझियन गुरूच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचं नाव फिशरच्या कमाल-लाइकलिहूड पद्धतीच्या पायातल्या प्रमेयाला आहे. "मी कुठल्या गटात जाऊ?" असं तुम्ही विचारलंत, म्हणून ही दोन आयुष्यं इतकी सविस्तर सांगितली. त्या दोघांनी दोन्ही घरांतलं पाणी प्यायलं होतं.

आता तुमच्या ०.०३ कडे वळते. इथे मी एक काल्पनिक पण सोप्या आकड्यांचं उदाहरण नेहमी फळ्यावर लिहिते. एक चाचणी आहे. आजारी माणसाला ती ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, निरोग्याला चुकून ५ टक्के वेळा. गावातल्या तपासणी शिबिरात १०,००० लोक आले, त्यांत १०० आजारी. आजाऱ्यांतले ९० पॉझिटिव्ह, निरोग्यांतले ४९५ पॉझिटिव्ह. एकूण ५८५ पैकी खरे आजारी ९०, म्हणजे १५ टक्के. तीच चाचणी, तेच यंत्र, आता जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत लावा, जिथे लक्षणं घेऊन आलेल्या १०,००० पैकी ३,००० आजारी आहेत. आता ३,०५० पॉझिटिव्हांपैकी २,७०० खरे, म्हणजे ८८ टक्क्यांच्या वर. त्या ५ टक्क्यांत काहीच बदल झाला नाही, तरी उत्तर १५ वरून ८८ वर गेलं. पी-व्हॅल्यू ही त्या ५ टक्क्यांची बहीण आहे. पेशंट कुठल्या रांगेतून आला हे तिला माहीत नसतं.

आकडा हवाच असेल तर हाही घ्या. सुरुवातीला परिकल्पना खरी-खोटी अर्धी-अर्धी धरली, तर बऱ्याच सर्वसाधारण परिस्थितीत ०.०३ पी-व्हॅल्यूला शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता निदान २२ टक्के निघते. तीन टक्के आणि बावीस टक्के यांत एखाद्या औषधाचं भवितव्य ठरण्याइतकं अंतर आहे. मेडिकल कॉलेजमधले एक सर्जन मला एकदा म्हणाले, "मॅडम, पी ०.०४ आलंय, म्हणजे आपलं ९६ टक्के खरं ना?" मी त्यांना शिबिर आणि ओपीडीचा हाच हिशोब तक्ता काढून दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मग इतकी वर्षं आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगत होतो?" तो प्रश्न मी विसरलेली नाही.

मग रोजच्या कामात मी काय करते? इथे सरसकट उत्तर नाही, परिस्थितीवर अवलंबून आहे. मोठी चाचणी असेल, नियामक संस्थेने आधीच पद्धत ठरवून दिली असेल, आणि माझी पद्धत शेकडो चाचण्यांमध्ये किती वेळा फसेल याची हमी द्यायची असेल, तर नेमन आणि एगॉन पिअरसन यांची चौकट उत्तम. ती त्याच कामासाठी घडवलेली आहे. पण रुग्ण बारा-चौदाच असतील, आजार दुर्मीळ असेल आणि आधीचा अनुभव हाताशी असेल, तर तो अनुभव कपाटात बंद करून ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कारकिर्दीच्या सुरुवातीला अशाच एका छोट्या अभ्यासात मी एकच प्रायर घेतला होता आणि तो अहवालाच्या परिशिष्टात दडवला होता. कमिटीतल्या एका वयस्क सदस्यांनी शांतपणे विचारलं, "ही आधीची माहिती कुणाची? औषध देणाऱ्यांचीच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिशरचा आक्षेप मला तेव्हा पुस्तकाबाहेर पहिल्यांदा समजला. तेव्हापासून मी तीन प्रायर घेते आणि तिन्ही पहिल्याच पानावर ठेवते. समजा बारापैकी नऊ रुग्णांना गुण आला. काहीच न मानणारा सपाट प्रायर घेतला तर सरासरी अंदाज येतो ७१ टक्के. साशंक प्रायर, जणू आधीच्या वीसपैकी आठांनाच गुण आला होता, तर ५३ टक्के. आशावादी प्रायर, वीसपैकी चौदा, तर ७२ टक्के. ५३ आणि ७२ मध्ये इतकं अंतर दिसलं की मी लिहिते: या माहितीवर निर्णय घेऊ नका, साशंक माणसाचं समाधान झालेलं नाही. तेच १२० पैकी ९० जणांना गुण आला असता तर हे तीन आकडे ७५, ७० आणि ७४ झाले असते. पुरावा वाढला की प्रायरचा आवाज कमी होतो, हे कमिटीला मग सांगावं लागत नाही, ते पानावरच दिसतं.

तुमच्या जाहिरातींचं कारण मात्र बरंचसं साधं आहे: आकडेमोड. बेझला स्वतःलाच त्या इंटिग्रलने दमवलं होतं. लाप्लासने त्यासाठी अंदाजाची पद्धत शोधली, पण चल राशी पाच-दहा झाल्या की हात टेकावे लागत. दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंगने ब्लेचली पार्कमध्ये जर्मन नौदलाच्या सांकेतिक संदेशांवर पुराव्याचं वजन 'डेसिबॅन' या एककात मोजत हाच व्यस्त हिशोब केला, पण ते कित्येक वर्षं गुप्त राहिलं. १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांसाठी निघालेली मेट्रोपोलिसची पद्धत आणि १९९० मध्ये गेलफांड व स्मिथ यांचा लेख, यांनंतर कुठलाही पोस्टीरियर, म्हणजे पुरावा पाहिल्यानंतरच्या शक्यतांचं वितरण, संगणकावर नमुने काढून मिळवता येऊ लागला. मी शिकत होते तेव्हा जे फक्त फळ्यावर शक्य होतं ते आता तुमच्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं. प्रमेय तेच आहे. 'बेझियन' हे विशेषणच मुळात १९५० च्या सुमाराचं, आणि ते वापरणाऱ्या पहिल्यांपैकी एक होता फिशर, अर्थात कौतुकाने नव्हे.

हे सगळं खऱ्या कामात कसं दिसतं याचं एक उदाहरण तुम्हाला मुलाखतीतही उपयोगी पडेल. २०२० मध्ये फायझर-बायोएनटेकच्या कोविड लसीची जी मोठी चाचणी झाली तिचं मुख्य विश्लेषण बेझियन होतं. दोन गट जवळपास सारख्या आकाराचे. १७० जणांना कोविड झाला; त्यांतले ८ लस घेतलेले, १६२ न घेतलेले. प्रश्न: आजारी पडलेला माणूस लस घेतलेल्या गटातला असण्याची संभाव्यता किती? नीट बघा, हे बेझचं टेबल आहे. चेंडू १७० वेळा टाकला, ८ वेळा रेघेच्या एका बाजूला पडला. प्रायर होता बीटा (०.७००१०२, १), आणि तो चाचणीचा निकाल येण्याआधीच आराखड्यात लिहून ठेवला होता. त्याची सरासरी ०.४१ च्या आसपास, म्हणजे लस फक्त ३० टक्के परिणामकारक आहे असं मानणारा, साशंक बाजूला झुकलेला प्रायर.

आता वही काढा. आधी उंदराचे ६५ मध्ये ६४ स्वतः मिळवा. मग हाऊजीचा आकडा. मग लसीचा पोस्टीरियर काढा: बीटा (८.७००१०२, १६३), त्याची सरासरी, आणि त्यावरून परिणामकारकता. ९५ टक्क्यांच्या जवळपास आली पाहिजे. त्यानंतर प्रायर बदलून तेच पुन्हा करा, आणि प्रायर किती टोकाचा घेतला की हे उत्तर ९० च्या खाली जातं ते शोधा. कुठे अडलं तर ती पायरी जशीच्या तशी लिहून पाठवा, मी बघेन.